पुण्यात राहून लातूरच्या आई-वडलांची सेवा कशी करावी

यंदाची येळवस, म्हणजे रानात जेवायची वेळा अमावस्या, पार पडली. रानात कडब्याची कोप उभी राहिली, भज्जी, आंबील, उंडे झाले, आणि पुण्या-मुंबईच्या गाड्या आल्या तशा परत गेल्या. डिकीत ढाळे, तुरीच्या शेंगा, बोरं, मोबाईलमध्ये फोटो. म्हटलं, ज्यांचे आई-वडील इकडं आणि स्वतः तिकडं, अशा समस्त थोरल्या लेकांसाठी (लेकीही चालतील) चार उपयोगाच्या गोष्टी लिहाव्यात. माझी पात्रता विचाराल तर घरात लकव्यानं उजवी बाजू गेलेले सासरे आहेत (लेकांचे आण्णा, माझे मामा), शुगर आणि गुडघे दोन्ही सांभाळणाऱ्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आहेत, नीटची तयारी करणारा मुलगा आहे आणि तिसरीतली मुलगी आहे.

सेवेची सुरुवात फोनपासून करावी. सकाळी साडेआठची वेळ उत्तम. तेव्हा इकडं एकाचा डबा व्हायचा असतो, एकीची रिक्षा खाली हॉर्न वाजवत असते, मामांचे कपडे बदलायचे असतात आणि नळही नेमका त्याच दिवशी आलेला असतो. व्हिडिओ कॉलच लावावा. चेहरा दिसला की म्हणावं, "आण्णा लई वाळलेत. खायला काय देता?" हे सुनेलाच विचारावं. भावाला विचारू नये, तो दुकानात असतो. नळाचा आवाज ऐकून "अजून तसंच आहे का लातूरला?" असं नवल करावं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तुम्ही ती बातमी सगळ्या ग्रुपवर पाठवली होती. पाण्यासाठी तेवढं पुरे.

पैशाचं विचारताना "काही लागलं तर सांगा" एवढंच म्हणावं. इतकं मोघम विचारलं की कुणी काही सांगत नाही.

व्यायामाचे व्हिडिओ पाठवत राहावं. शक्यतो रात्री अकरानंतर.

वडलांच्या आधारला मोबाईल नंबर आपलाच जोडून ठेवावा, कारण घरात यातलं कळणारे तुम्हीच. मग सत्तरीच्या पुढच्यांना वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार देणाऱ्या आयुष्मान वय वंदना कार्डाची लिंक ग्रुपवर टाकावी आणि खाली लिहावं, "हे अजून काढलं नाही का?" मग आम्ही मामांना रिक्षात घालून सेंटरवर न्यावं. जन्मभर खुरपं आणि विळा धरलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही. राहतो ओटीपी. तो जातो पुण्यात, बाणेरला. त्याची मुदत दहा मिनिटं, आणि तुम्ही मीटिंगमध्ये. मामा प्लास्टिकच्या खुर्चीत एका अंगाला कललेले, मागचे लोक "ओ ताई, किती वेळ करायलात" म्हणून ओरडायलेत, आणि अकराव्या मिनिटाला तुमचा मेसेज: "कसला ओटीपी आलाय? फ्रॉड आहे बहुतेक. कुणाला देऊ नका." सावध माणूस! नंबर बदलून घेऊ म्हटलं तर, "मी आलो की बघू."

तर येणं. प्रत्यक्ष भेट वर्षातून एकदा, येळवसेला द्यावी. "आण्णांशिवाय येळवस कसली" असं म्हणून वडलांना रानात आणायला लावावं. आणायचं कुणी, उचलायचं कुणी, वाटेत कपडे खराब झाले तर धुवायचे कुणी, या तपशिलात पडू नये. आपण कोपीजवळच्या बाजेवर टेकावं, मोबाईल बायकोच्या हातात द्यावा, आंबिलीचा पेला मागावा आणि आडव्या पडलेल्या बापाच्या तोंडाला लावावा. "बघा, किती आवडीनं पितात!" फोटो छान आला. पुढच्या घोटाला मामांना ठसका लागला तो थांबेचना. डोळे वर गेले. मी पंगत सोडून धावले, त्यांना उठवून बसवलं, पाठ चोळली. अहो, लकवा झालेल्या माणसाला गिळताना त्रास होतो हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय! टेकून ताठ बसवायचं, हनुवटी खाली, चमचा-चमचा द्यायचं, पातळ तर अगदी जपून. श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होतो. हे मी फोनवर सांगितलं, ग्रुपवर लिहिलं. त्या मेसेजखाली तुमचा अंगठा आहे! वाचलं होतं का नुसता अंगठा दाबला? दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यासाठी मी अलार्म लावते. त्या अलार्मनं शेजारच्या खोलीत पोरगा जागा होतो, ज्याला सकाळी सहाला ट्यूशन असते आणि ज्याच्या ७२० पैकी मार्कांची चौकशी तुम्ही दर रविवारी करता. आणि माझे सुजलेले डोळे बघून जाऊबाई म्हणतात काय, "मोबाईल जास्त बघू नका रात्री." इकडं ठसका थांबला नव्हता आणि तिकडं स्टेटस पडलं होतं: आई-वडील हेच खरं दैवत. खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग.

वडलांना पुण्याला न्यायचा विषय निघाला तर म्हणावं, "आमच्याकडं लिफ्ट आहे, पण त्यांना करमणार नाही." लातुरात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात त्यांना फार करमतं.

सातबाऱ्याचं गाडीत बसता बसता विचारावं.

आणि कुणी २००७ च्या कायद्याचा विषय काढला तर लगेच दुसरीकडं वळवावा. आई-वडलांच्या निर्वाहाच्या त्या कायद्यात मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं सगळी आहेत. जवळ राहतो त्याच्या एकट्याच्याच गळ्यात, असं त्यात कुठंही नाही. सुनेचं तर नावच नाही.

बास. भावजी, हे तुम्हीही वाचाल, कारण जाऊबाई वाचतीलच. लाज वाटत नाही का हो? मामांनी बैल विकून तुमची इंजिनिअरिंगची फी भरली, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच माणसाची चादर तुम्ही एकदाही बदलली नाही. एकदाही! वर्षातून एक दिवस यायचं, चुका काढायच्या, फोटो काढायचे आणि शेंगा घेऊन जायचं. आत्याबाईंना तुमच्याविरुद्ध शब्द काढवत नाही, त्या देवळात जाऊन रडतात. तुमचा भाऊ भांडण नको म्हणून गप्प बसतो. मी बसणार नाही.

मे महिन्यात नीट आहे. त्याच्या आधीचा आठवडा तुमचा. सुट्टी टाका, कंपनी बंद पडत नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं या, पहाटे मी दार उघडते. मामांच्या कॉटखालची गादी तुमची, अलार्म तुमचा, आणि पहिल्याच दिवशी सेंटरवर जाऊन आधारचा नंबर बदलायचा. जाऊबाई आल्या तर स्वयंपाक त्यांचा. येताना मोठ्यांचे डायपर आणा, लार्ज साईज. आंबा बर्फी आणू नका, आत्याबाईंना शुगर आहे.