सिसिली टायसन आणि तिने नाकारलेले रोल

परवा रात्री 'द ऑटोबायोग्राफी ऑफ मिस जेन पिटमन' परत बघितला. १९७४ चा, टीव्हीसाठी केलेला सिनेमा. शेवटी ११० वर्षांची म्हातारी काठी टेकत, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या पाण्याच्या नळाकडे चालत जाते. बाकी काही नाही, चालते, वाकते आणि पाणी पिते. चवदार तळं माहिती असलेल्या माणसाला हा सीन समजावून सांगायची गरजच नाही. आणि ती ११० वर्षांची म्हातारी करणारी बाई तेव्हा जेमतेम ४९ ची होती!! दोन एमी, म्हणजे टीव्हीचे मोठे पुरस्कार, मिळाले तिला या कामाचे.

हॉलिवूडच्या मोठ्या नट्यांचा विषय निघाला की आपल्याकडे सिसिली टायसनचं नाव कुणी काढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९२४ चा जन्म, आईवडील कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावरून न्यूयॉर्कला आलेले, आई इतकी धार्मिक की पोरगी नटी होणार म्हटल्यावर तिला घराबाहेर काढलं. मग मॉडेलिंग, छोटी नाटकं, आणि १९६३ मध्ये एका टीव्ही सिरियलमध्ये ती आपले कुरळे केस सरळ न करता, आहेत तसेच घेऊन उभी राहिली. आज यात काय विशेष असं वाटेल, पण तेव्हा टीव्हीवर काळी बाई तशी दिसायचीच नाही.

१९७२ चा 'साउंडर' मात्र सगळ्यात महत्त्वाचा. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या गरीब कुटुंबातली आई. ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं, पण तिच्या डोक्यात राहिली ती वेगळीच गोष्ट. सिनेमाच्या प्रचाराच्या वेळी एक गोरा पत्रकार तिला म्हणाला की त्यातला काळा मुलगा बापाला 'डॅडी' म्हणतो ते ऐकून त्याला खटकलं, कारण त्याची स्वतःची मुलं त्याला तेच म्हणतात. म्हणजे काळ्या घरातही बाप असतो, लाड असतात हेच त्या माणसाला नवीन होतं! तिथे तिने ठरवलं की काळ्या बाईची मान खाली जाईल असा रोल करायचा नाही. आणि ते तिने पाळलं, त्यापायी काम नसलेली वर्षं काढली. मला तिचं मोठेपण पुरस्कारांपेक्षा या रिकाम्या वर्षांत जास्त दिसतं, कारण भाड्याची चिंता असताना नाही म्हणणं फार अवघड असतं हो.

ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या रंगभूमीवर, तर ती १९८३ नंतर थेट २०१३ मध्येच आली, ३० वर्षांनी. 'द ट्रिप टू बाउंटिफुल'मध्ये आपलं जुनं गाव बघायला घरातून पळून जाणारी म्हातारी. त्यात ती चर्चमधलं एक गाणं म्हणायला लागली की प्रेक्षकही तिच्यासोबत गायचे. ८८ व्या वर्षी टोनी, नाटकांसाठीचा तिथला सगळ्यात मोठा पुरस्कार!! २०१८ मध्ये मानद ऑस्कर. आणि २०२१ च्या जानेवारीत आत्मचरित्र आलं आणि दोनच दिवसांनी ती गेली, ९६ वर्षांची होऊन.

अजून एक सांगायचं राहिलं. ऱ्होड आयलंडमधल्या एका फार गरीब घरात एका लहान मुलीने टीव्हीवर ही जेन पिटमन बघितली आणि नटी व्हायचं ठरवलं. ती म्हणजे आजची मोठी नटी व्हायोला डेव्हिस. पुढे 'हाऊ टू गेट अवे विथ मर्डर' या टीव्ही सिरियलमध्ये सिसिली तिची आई झाली, आणि त्यात एक सीन आहे, आई लेकीला जवळ बसवते आणि गप्पा मारत तिचे केस विंचरते, तेच केस, सरळ न केलेले.