हेलकॅट झीरोवरून बेतले नव्हते

दुसऱ्या महायुद्धाच्या गप्पांत एक गोष्ट हमखास निघते. अलास्काच्या अकुतान बेटावर पडलेले जपानी लढाऊ विमान ‘झीरो’ अमेरिकेच्या हाती लागले, विमाने बनवणाऱ्या ग्रमन कंपनीने ते खोलून पाहिले आणि त्यावरून विमानवाहू नौकांसाठी ‘हेलकॅट’ हे लढाऊ विमान तयार केले, असे सांगतात. गोष्ट रंगतदार आहे, पण तारखा लावून पाहिल्या की टिकत नाही.

४ जून १९४२ रोजी अलास्कातल्या डच हार्बर या अमेरिकी तळावरच्या हल्ल्यात तादायोशी कोगा या वैमानिकाच्या झीरोची तेलाची नळी फुटली. अकुतानवर हिरवळ समजून तो उतरला, पण खाली दलदल होती. विमान उलटले आणि कोगा जागीच गेला. अमेरिकी गस्ती विमानाला ते दिसले १० जुलैला. हेलकॅटच्या नमुन्याचा करार मात्र ३० जून १९४१ रोजीच झाला होता आणि त्याने पहिले उड्डाण केले २६ जून १९४२ रोजी. त्या दिवशी कोगाचे विमान दलदलीत उलटेच पडून होते, कुणाच्या नजरेसही आले नव्हते.

यावर काही जण म्हणतात, आराखडा आधीचा असेल, पण दमदार इंजिन झीरो पाहूनच बसवले. तेही खरे नाही. सुमारे २,००० अश्वशक्तीचे प्रॅट अँड व्हिटनी इंजिन बसवण्याचा आदेश एप्रिल १९४२ मधला आहे. झीरोशी आधीच झुंजलेल्या वैमानिकांचे अनुभव त्यामागे होते. म्हणजे झीरोचा धाक होता, पण तो आकाशातल्या लढाईतून आलेला.

आणि नक्कल म्हणावी, तर दोघांत साम्य काय? झीरोचे रिकामे वजन सुमारे १,७०० किलो, हेलकॅटचे ४,००० किलोंच्या वर. झीरोचे आरेखक जिरो होरिकोशी यांनी पल्ला आणि चपळाई साधण्यासाठी वजनाचा कण न् कण वाचवला, चिलखतही दिले नाही. ग्रमनने वैमानिकामागे चिलखत घातले आणि गोळी लागली तरी आपोआप बुजणाऱ्या इंधनटाक्या दिल्या.

अकुतानच्या झीरोचे मोल मला कमी करायचे नाही. दुरुस्त होऊन, अंगावर अमेरिकी लष्करी विमानांची खूण असलेली चांदणी रंगवून ते सप्टेंबरमध्ये सॅन दिएगोला उडाले. वेग वाढला की त्याचे एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलंडवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) जड होतात आणि एकदम नाक खाली दाबले की इंजिन गचकते, हे तेव्हा कळले. त्याचा उपयोग झीरोशी कसे लढावे हे शिकवायला झाला.

एक चूक चित्रांतलीही. हेलकॅटच्या चांदणीत मधोमध लाल ठिपका दाखवू नये. जपानी विमानांवरच्या लाल सूर्याशी गल्लत होते म्हणून तो मे १९४२ मध्येच काढला होता, हेलकॅट पहिल्यांदा उडण्याआधी. चांदणीच्या दोन्ही बाजूंचे पांढरे पट्टे आले जून १९४३ च्या अखेरीस. तेव्हा या खुणेभोवती दिलेली लाल किनारही काही आठवड्यांतच निळी करण्याचा आदेश निघाला, कारण पुन्हा तेच, लाल रंग दिसला की आपलेच लोक गोळी झाडतील ही भीती.