दीड वर्षाची पेशंट

सुई नको, नुसती एक मिलीची सिरिंज द्या, एवढंच म्हणालो होतो. बेळगावच्या खडेबाजारातल्या मेडिकलवाल्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"पेशंट कोण?"

"घरातलीच."

"वय?"

"दीड वर्ष."

"दूध घेती काय?"

"नाही. माशी खाते."

इथं गप्प बसायचं. पण मी खरं सांगायला गेलो. कोळीण म्हणालो असतो तर मासळीबाजारात पाठवलं असतं, म्हणून म्हटलं, उड्या मारणारा कोळी आहे, मादी, नाव अक्काताई. या वयात तिची पंच्याहत्तरी उलटलीय.

शेजारी बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेले एक काका उभे होते. त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली, म्हणजे आता घाई नव्हती.

"पाणी पाजायला सिरिंज? त्याला तोंड कुठं असतंय?"

मी मूर्खासारखा समजावत बसलो. कोळ्याला पाय दुमडायला स्नायू असतात, पण ताठ करायला आतल्या द्रवाचा दाब लागतो. पाणी कमी पडलं की पोट सुरकुततं, पाय आत वळतात, उडी कसली मारणार? अंगावर फवारायचं नाही, श्वासाची भोकं पोटाखाली असतात. तोंडापुढं एक थेंब धरायचा.

काकांनी मन लावून ऐकलं आणि मागं वळून अख्ख्या रांगेला कन्नडमध्ये सांगितलं, "इवरु जेडक्क नीर कुडस्तारंत!" मग, कुणी सुटायला नको म्हणून, मराठीत: "हे कोळ्याला पाणी पाजतात म्हणे!"

1956 पासून इथल्या पाट्यांवरून भांडणं चालू आहेत. माझ्यावर हसताना मात्र दोन्ही भाषा एका सुरात.

"आमच्या गल्लीत आठ दिवसांनी नळ येतोय," काका डोळे पुसत म्हणाले, "आणि ह्यांची अक्काताई! मरू दे की हो सर. भिंतीवर फुकट मिळतंय, दुसरं धरून आणा."

आधीचं सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. हे नाही. त्याच काउंटरवर कुत्र्याच्या बिस्किटांचा पुडा होता, त्याला कुणी हसत नव्हतं. जीव शेपटी हलवणारा असला तरच त्याचं म्हातारपण खरं, असा काही नियम आहे का? आणि नळ आठ दिवसांनी येतो तो काय अक्काताई पिऊन टाकते म्हणून?

हे सगळं मला घरी पोचल्यावर सुचलं. दुकानात मी "हॅहॅ" केलं आणि सुटे पैसे मोजले.

अक्काताई बरणीच्या तळाशी बसली होती. हल्ली काचेवर तिचे पाय टिकत नाहीत, म्हणून खाली टिश्यू पेपर अंथरलाय. थेंब पुढं केला. तिनं आधी समोरच्या दोन मोठ्या डोळ्यांनी मला नीट पाहून घेतलं, पुढचे केसाळ पाय थेंबाच्या दोन्ही बाजूंना टेकले आणि तोंड लावलं. पाच मिनिटं हलली नाही. माझा हात अवघडला.

काल त्या दुकानावरून जात होतो, तर आतून हाक आली, "ओ जेडवाले! हाय काय अजून?"

क्रोसिन घ्यायची होती. रामदेव गल्लीतून वळसा घालून दुसरीकडून घेतली.