चोवीस बुचांची गाडी

आमच्या सोसायटीत गोल्फ कोणीही खेळत नाही. बडोद्यात गोल्फ म्हटलं की लक्ष्मी विलास पॅलेसचं आवार, आणि त्या आवाराशी आमचा संबंध पाहुण्यांना तिकीट काढून महाल दाखवण्यापुरता. तरीही आमच्याकडे गोल्फ कार्ट आहे. मेन गेटपासून शेवटच्या एच टॉवरपर्यंतच्या रस्त्याला बिल्डरने माहितीपत्रकात ‘निसर्गरम्य’ म्हटलं होतं. मे महिन्यात भर दुपारी, दोन्ही हातांत खंडेराव मार्केटची भाजी घेऊन तो चालला की निसर्ग कळतो, रम्य कळत नाही. म्हणून ज्येष्ठांसाठी सहा सीटची, इलेक्ट्रिकची, सेकंडहँड कार्ट घेतली.

मी कमिटीचा सेक्रेटरी. म्हणजे निर्णय चेअरमनसाहेबांचा, सही खजिनदारांची आणि शिव्या मला.

हल्ली ही गाडी सकाळी ठणठणीत असते, अकरा वाजले की तिला धाप लागते. क्लबहाउसच्या चढावर पॅडल दाबलं की सीटखालून सोलेनॉइडचा, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला जोडणाऱ्या स्विचचा, ‘टक्’ असा आवाज येतो आणि गाडी जागची हलत नाही. मग मागच्या सीटवरचे दोन काका उतरतात, ढकलतात, चढ संपला की पुन्हा बसतात. ज्यांना चालवत नाही म्हणून गाडी घेतली, तेच तिला चालवतात.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने सीट उचलली. आत आठ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या, एकेक जवळपास तीस किलोची. टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर असा साचलेला की खजिनदारांना आधी बुरशीच वाटली. बी टॉवरच्या बेननी ढोकळ्याचा सोडा दिला, तो गरम पाण्यात कालवून ब्रशने घासल्यावर खाली धातू आहे हे कळलं. मीटर लावला तर पाच बॅटऱ्या कशाबशा तग धरून, सहावी सात व्होल्टच्याही खाली.

“मग ती एकच बदला ना,” खजिनदार म्हणाले.

मेकॅनिकने कपाळाला हात लावला. सगळ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. पाच जुन्यांत एक नवी घातली की तीही लवकर त्यांच्या वळणावर जाते. एकत्र कुटुंबात नव्या सुनेचं होतं तसं. (हे उदाहरण माझं नाही, आमच्या हिचं. तिने ते मीटिंगमध्ये का दिलं याचा मी अजून विचार करतोय.)

खरी गोम पाण्यात होती. सहा बॅटऱ्या, प्रत्येकीला चार सेल, म्हणजे चोवीस बुचं. प्लेटा कायम बुडालेल्या हव्यात, पूर्ण चार्ज झाल्यावर डिस्टिल्ड वॉटरने पातळी भरायची, आणि उन्हाळ्यात पाणी जास्त उडतं. हे काम कोणाचं? सिक्युरिटी म्हणते हाउसकीपिंगचं, हाउसकीपिंग म्हणतं ड्रायव्हरचं, ड्रायव्हर म्हणतो, “साहेब, हुं तो चलावुं छुं.” शेवटी खजिनदारांनी स्वतःच्या एसीच्या नळीखाली बाटली लावली. एसीचं पाणी म्हणजे फुकटचं डिस्टिल्ड, या श्रद्धेवर आमच्याकडे घरोघरी इन्व्हर्टर चालतात. मेकॅनिकने ती बाटली उजेडात धरून तळाशी फिरणारी धूळ दाखवली. खजिनदारांनी ती बघितली नाही. ते छताकडे बघत होते.

आता प्रश्न असा: पुन्हा लेडच्या बॅटऱ्या, की लिथियम, की सरळ पेट्रोलची कार्ट?

चेअरमनसाहेब लिथियमचे. “लई लो ने! पाणी नहीं, माथाकूट नहीं!” पेट्रोलचा पक्ष एच टॉवरचा, कारण बॅटरी नेहमी एचच्या अलीकडेच संपते. विरोध ए टॉवरच्या तळमजल्याचा, कारण गाडी उभी राहते ती त्यांच्या बाल्कनीखाली. मी पुढेपुढे मतं विचारणं सोडलं. फ्लॅटचा नंबर कळला की मत आपोआप कळायचं.

पेट्रोलवाल्यांना वाटत होतं की याच गाडीत इंजिन बसवायचं. तसं होत नाही, अख्खी गाडीच बदलावी लागते. शिवाय पेट्रोल कार्टची एक गंमत आहे: चावी फिरवून ती सुरू होत नाही. पॅडल दाबलं की साडेतीनशे-चारशे सीसीचं इंजिन सुरू होतं, पाय काढला की बंद. म्हणजे दर टॉवरपाशी थांबताना शांतता, निघताना धडधड. तळमजल्याच्या काकू म्हणाल्या, “एकसारखा आवाज परवडला हो, त्यात डोळा तरी लागतो.” त्यावर ऑइल, बेल्ट, प्लग, फिल्टर हे वेगळंच.

तरी पेट्रोलला मतं वाढत होती, आणि मला कारण दिसत होतं. लिथियमचा आकडा एकदम समोर येतो. जेवढ्यात लेडचा सेट येतो त्याच्या जवळजवळ दुप्पट, वर चार्जरही नवा, कारण जुना चालत नाही. पेट्रोल मात्र लिटरलिटरने लुटतं. आणि हप्त्याने लुटणाऱ्यावर आपला कधीच राग नसतो.

रेल्वेतून रिटायर झालेल्या काकांनी डभोईचा दाखला काढला. 1862 साली खंडेराव महाराजांनी डभोई–मियागाम नॅरोगेज टाकली, तेव्हा गाडीला बैल जुंपले होते. इंजिनं आल्यावरही बैल काही लगेच सुटले नाहीत. काकांना यातून काय सुचवायचं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण “बैलांना पाणी कोण घालणार?” यावर पाच मिनिटं गंभीर चर्चा झाली.

मेकॅनिक मात्र ठाम होता. लिथियमचा पॅक साधारण पन्नास किलोचा, म्हणजे गाडी शंभरहून जास्त किलोने हलकी. चढावर काकांना उतरावं लागणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा, ही बॅटरी आधी दमत नाही. शेवटपर्यंत तशीच पळते आणि संपली की एकदम बंद. इंडिकेटर बघायची सवय लावा.

इतकं ऐकूनही हात वर जाईनात. मग सहज त्याने सांगितलं की जुन्या बॅटऱ्या शिशाच्या, वजनावर जातात. खजिनदारांनी कॅल्क्युलेटर काढला. पावणेदोनशे किलो! दोन मिनिटांत लिथियमचा ठराव एकमताने मंजूर.

मीटिंग तरी साडेअकराला सुटली. भंगाराचे पैसे गणपतीच्या फंडात जमा करायचे की नवरात्रीच्या, हा मुद्दा राहिला होता. तो पुढच्या मीटिंगवर ढकलला आहे. दरम्यान कार्टही ढकलतोच आहोत.