तो ठिपका मादीचा आहे

बुटक्या पाइक सिक्लिडच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या लांबोळक्या शिकारी माशांतल्या लहान जाती ‘एका नजरेत’ ओळखायचा एक मजकूर सध्या मासे पाळणाऱ्यांमध्ये हातोहात फिरतोय. तो भाच्याकडे पोहोचला आणि त्याबरहुकूम त्याने ‘जोडी’ म्हणून दोन माद्या आणल्या. म्हणून हा प्रपंच. अवतरणांतली वाक्यं त्या मजकुरातली, त्याखालचं उत्तर माझं.

‘पाठीवरच्या परावर पांढऱ्या कडेचा काळा ठिपका असेल तर नोटोफ्थाल्मस, नसेल तर रेगानी.’

सगळा घोळ इथे आहे. हा डोळ्यासारखा ठिपका रेगानीच्या मादीलाही असतो आणि नोटोफ्थाल्मसच्या मादीलाही. तो मासा मादी आहे एवढंच सांगतो. या नियमाने निवड केली की रेगानीचा नर आणि मादी दोन वेगळ्या जातींत जातात, आणि नोटोफ्थाल्मसची जोडी हवी म्हणून ठिपकेवाले दोन मासे उचलले की हमखास दोन माद्या हाती येतात. मग वर्षभर अंडी का फुटत नाहीत म्हणून पाण्याचा पीएच तपासत बसायचं!

पुढे ‘ठिपके मोजा, दोन असतील तर वेगळी जात’ असंही लिहिलंय. एकाच जातीच्या माद्यांमध्ये ठिपक्यांची संख्या कमीजास्त होते. मोजून काही निष्पन्न होत नाही.

क्रम उलटा हवा. आधी लिंग ठरवा: ठिपका आणि अंडी भरल्यावर गुलाबी होणारं पोट म्हणजे मादी. मग नराची तुलना नराशी, मादीची मादीशी. नोटोफ्थाल्मसच्या वाढलेल्या नरात पाठीवरच्या पराचे पुढचे काही काटे उंच वाढतात. रेगानीच्या नरात तो पर पुढे असा उंचावत नाही. कॉम्प्रेसिसेप्स या दोघांपेक्षा सोपा: डोकं दोन्ही बाजूंनी चपटं, अंगावर उभे पट्टे, शेपटीवरही पट्टे.

पिशवीतून नुकत्याच काढलेल्या माशावर निकाल देऊ नका. घाबरलेल्या माशाचे आडवे-उभे पट्टे मिनिटांत बदलतात. मासा टाकीत रुळू द्या, मग पर उभारलेला असताना अगदी बाजूने, फ्लॅश न वापरता फोटो काढा.

‘आठ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर बुटकी जात.’

लहान मासा म्हणजे बुटकी जात नव्हे, तो पिल्लूही असू शकतो! पाइक सिक्लिडच्या मोठ्या गटांपैकी सॅक्सॅटिलिस गटातले मासे वीस सेंटिमीटरच्या पुढे जातात, लुगुब्रिस गटातले त्याहून मोठे होतात. कल्ल्यामागे, खांद्याशी ठळक डाग दिसला तर तो सॅक्सॅटिलिस गटातला समजा. लुगुब्रिस गटातल्यांचे खवले फार बारीक. बुटक्यांचे त्या मानाने मोठे, फोटो मोठा केला की मोजता येतात. ही चूक महागात पडते. लहान टाकीत सोडलेलं ते पिल्लू वर्षभरात सोबतचे मासे गिळून मोकळं होतं. अर्थात खऱ्या बुटक्यांच्या तोंडात मावेल असा मासाही त्यांच्यासोबत सुरक्षित नसतोच, ते वेगळं.

‘नदी कळली की जात कळली.’

यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. कॉम्प्रेसिसेप्स टोकँटिन्स नदीच्या खोऱ्यातला, अनामिरी ही जात शिंगू नदीची, उरोसेमा टापाजोस नदीच्या खळाळातली. पण रेगानी ॲमेझॉनमध्ये दूरवर पसरलेला आहे. आणि तुम्हाला सांगितलं जाणारं नाव बहुधा जिथून मासे निर्यात झाले त्या शहराचं असतं. ब्राझीलच्या मनाउस शहरातून आलेला मासा मनाउसलाच पकडला असं कुणी सांगितलं?

‘सगळ्या बुटक्या म्हणजे वालासिई.’

नाही. वालासिई हे नाव मत्स्यशास्त्रज्ञ रेगनने १९०५ साली गयानाच्या एसेक्विबो नदीतल्या माशाला दिलं. ॲमेझॉनच्या माशाला ते सर्रास चिकटवलं जातं.

‘नाव बदललं, जुनी पुस्तकं रद्दीत टाका.’

२०२३ मध्ये या बुटक्यांच्या गटाला क्रेनिसिक्ला या जुन्या वंशातून काढून वालासिया हा स्वतंत्र वंश मिळाला, इतकंच खरं. अलेक्स प्लूख यांनी १९९१ मध्ये ॲम्स्टरडॅमला केलेलं क्रेनिसिक्लांचं सविस्तर पुनरावलोकन अजूनही पायाभूत आहे, आणि रेगानी, हेकेली, कॉम्प्रेसिसेप्स, व्हिर्गाटुला ही नावं त्यांचीच. वंशाचं नाव बदलल्याने खवले, काटे आणि ठिपके बदलले नाहीत. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी ते पुनरावलोकन आधी उघडून बघावं.