‘अख्खा तास गाणीच वाजतात’ : एका स्टारच्या रिव्ह्यूला क्लासकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

रविवारी रात्री तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिला आणि खाली लिहिलं, ‘कराटे शिकवतात की डान्स क्लास चालवतात तेच कळत नाही. अख्खा तास गाणीच वाजतात. त्या आवाजात सरांचं थांबा ऐकू आलं नाही आणि मुलीचा पाय मुरगळला. महिन्याचे 400 रुपये कशाचे घेता?’

मुलीच्या पायाबद्दल मनापासून माफी मागतो. पोरगी आमच्या शेडमध्ये होती, तेव्हा जबाबदारी आमची. त्यावर वाद नाही.

पण ‘अख्खा तास’ हे दोन शब्द फार लागले. गाव लहान आहे. नवीन पालक ॲडमिशनच्या आधी मोबाइलवर हेच वाचतात आणि परत फिरतात. म्हणून मिनिटांचा हिशेब इथेच सगळ्यांसमोर मांडतो.

संध्याकाळची बॅच मंगळवार, गुरुवार, शनिवार, 5:30 ते 6:45. म्हणजे 75 मिनिटं. पहिली 3 मिनिटं रांग, रेई आणि मोकुसो, म्हणजे वाकून नमस्कार आणि डोळे मिटून बसणं. तेव्हा स्पीकर बंद असतो. 5:33 ते 5:48 वॉर्मअप, ही 15 मिनिटं गाणी चालू. 5:48 ला स्पीकर जो बंद होतो तो 6:33 पर्यंत लागत नाही. त्या 45 मिनिटांत 20 मिनिटं किहोन, म्हणजे ठोसे-लाथांचा मूळ सराव, 18 मिनिटं काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची एकट्याने करायची मालिका, आणि 7 मिनिटं जोडीचा सराव. मग 6:33 ते 6:42 फिटनेस, 9 मिनिटं पुन्हा गाणी. शेवटची 3 मिनिटं परत मोकुसो. तुम्हीच बेरीज करा भाऊ. गाण्याची 24 मिनिटं, बिनगाण्याची 51.

तुम्ही खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. तुम्ही मुलीला सोडता साधारण 5:40 ला आणि न्यायला येता 6:35 च्या पुढे. दोन्ही वेळेला गाणी चालूच असतात. मधली 45 मिनिटं तुम्ही शेडजवळ नसता, म्हणून ती तुमच्या कानावर कधी पडलीच नाहीत. उन्हाळ्यात तर गाणी याहून कमी. मे महिन्यात आपण बॅच पहाटे 5:30 ला घेतो, आणि रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर लावायचा नाही हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम आहे. म्हणून तेव्हाचा वॉर्मअप सगळा नुसत्या मोजणीवर होतो आणि गाणी फक्त शेवटची 9 मिनिटं.

आता ती 45 मिनिटं गाणी काहून बंद असतात, ते सांगतो. किहोनमध्ये मी इची, नी, सान, शी, म्हणजे जपानीतलं एक, दोन, तीन, चार मोजतो ते मुद्दाम एका चालीत मोजत नाही. इची म्हटल्यावर जरा थांबतो, नी आणि सान लागोपाठ म्हणतो, शी ला पुन्हा वाट पाहायला लावतो. पोरांनी कानावर शब्द पडला की हलायचं, अंदाजाने आधी हलायचं नाही. गाण्याचा पुढचा ठोका केव्हा पडणार ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं, आणि ठोक्यावर हलायची सवय लागलेला खेळाडू समोरच्याला लगेच ओळखू येतो.

दुसरं, लाथ. माए गेरीचे, म्हणजे समोर मारायच्या लाथेचे, चार भाग आहेत. गुडघा छातीकडे वर, मग लाथ, मग पाय गुडघ्यातून परत ओढणं, मग पाय खाली. तिसऱ्या भागाला हिकिआशी म्हणतात आणि पोट्टे नेमकं तेच खातात. गाणं लावून लाथा मारायला लावल्या की ठोका आला म्हणून पाय फेकतात, पुढचा ठोका गाठायचा म्हणून तो तसाच समोर आपटतात. वजन पुढे पडतं, समोरचा पाय धरू शकतो. हवेत मारताना गुडघा पूर्ण ताठ होऊन झटका बसतो आणि चार-सहा महिन्यांनी तो दुखायला लागतो. म्हणून लाथ आमच्याकडे कधीच गाण्यावर होत नाही, भिंतीला हात टेकून चार आकड्यांवर होते. तुमची मुलगी हे करते. घरी तिला विचारा, तिसऱ्या आकड्याला पाय कुठे असतो. ती गुडघा वर धरून दाखवेल, टाच मांडीजवळ आलेली असेल.

कातामध्येही तेच. हेइआन शोदानच्या 21 हालचाली आहेत, तिथे चाल बरीच सारखी आहे. पण हेइआन योंदानला सुरुवातीलाच दोन्ही हात सावकाश वर जातात आणि पुढे लाथ आणि कोपर झटक्यात मारायचं असतं. मागे ठेका वाजत असला की सावकाश आणि झटक्यातलं सगळं एका मापात येतं, आणि बेल्टच्या परीक्षेत नेमके तिथेच मार्क जातात. टोकियो ऑलिम्पिकला, म्हणजे 2021 मध्ये, काताच्या वेळी गाणं-बिणं काही नव्हतं. ऐकू येत होते ते खेळाडूचे पाय, त्याचा श्वास आणि किआई, म्हणजे जोराची आरोळी. जोडीच्या सरावात तर गाणी लावणं धोक्याचंच. तिथे समोरच्याच्या पायाची चाहूल आणि ‘यामे’ (थांबा) हे दोन्ही ऐकू यावंच लागतं.

मग वॉर्मअपला गाणी कशाला? कारण 30 पोट्टे एका वेगात ठेवायचे असतात आणि प्रत्येकाचं मोजत बसलं तर चुका पाहायला डोळे मोकळे राहत नाहीत. घड्याळ लावून 15 सेकंदांत 30 ठोके पडतात तेच संगीत घेतो, म्हणजे मिनिटाला 120. बैठक चार ठोक्यांची, दोन खाली, दोन वर, मिनिटाला 30. जोर आठ ठोक्यांचा, मिनिटाला 15. दोरीउडी ठोक्याला एक, आठ वर्षांखालच्यांना दोन ठोक्यांना एक. वेग 140 च्या वर गेला की बैठक अर्धी होते, जोर मारताना कोपर वाकतच नाही आणि उडीत टाचा आपटतात. म्हणून वरातीतलं डीजेचं गाणं पोरांनी कितीही मागितलं तरी लावत नाही. शब्दांची गाणी तर मुळीच नाही, नुसता ढोल-ताशा आणि लेझमीचा ठेका. शब्द आले की पोरं गायला लागतात, आणि गाताना श्वास भलतीकडे सुटतो.

‘खऱ्या कराटेवाल्यांना गाणी लागत नाहीत’ असंही तुम्ही खाली कमेंटमध्ये लिहिलं. काता आणि कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, एवढ्यापुरतं ते बरोबर आहे. बाकी वाजवण्याचं आणि लढण्याच्या कलेचं काही वैर नाही. थायलंडच्या मुए थाईमध्ये पूर्ण लढतभर सनईसारखं एक वाद्य, ढोल आणि लहान झांजा वाजतात आणि राऊंड चढत जाईल तशी त्यांची लय वाढते. ब्राझीलच्या कापोएराला बेरिंबाऊ म्हणून भोपळा बांधलेलं एकतारी धनुष्य असतं, त्याच्या ठेक्यावर खेळ हळू चालणार की जोरात ते ठरतं. तायक्वांदोच्या फ्रीस्टाइल पूमसेत, म्हणजे त्यांच्या काताच्या एका प्रकारात, तर संगीत असतंच. आणि आपल्याच जिल्हा परिषद शाळांत 26 जानेवारीला लेझीम ढोलाशिवाय होते का? आमच्या क्लासमध्ये अंग गरम करायला वाजवतो, शिकवताना बंद करतो. एवढंच.

आता पायाचं. त्या गुरुवारी शेवटच्या 9 मिनिटांतल्या दोरीउड्या चालू होत्या. आपल्या मॅट एक मीटर चौरस, दाते एकमेकांत अडकवायच्या आहेत. दाते झिजले की उड्यांच्या धक्क्याने मॅट सरकते आणि जोडावर बोटभर फट पडते. मुलीच्या पायाची बाहेरची कड त्या फटीत गेली आणि घोटा आत वळला. मी ‘यामे’ म्हटलं ते पाय वळलेला पाहून. आवाज कमी असता तरी त्या वेळी पाय वाचला नसता. दोष मॅटचा, म्हणजे आमचाच. उड्यांच्या आधी जोड पाहायला पाहिजे होते, ते राहिलं.

पण एक गोष्ट तुम्ही बरोबर पकडली. मी थांबा म्हटल्यावरही मागच्या रांगेतल्या दोन दोऱ्या तीन-चार सेकंद फिरत राहिल्या. स्पीकर कोपऱ्यात जमिनीवर ठेवलेला होता. दोन भिंती आणि फरशी मिळून त्याचा धबधब आवाज वाढवतात, आणि टिनाच्या शेडमध्ये तो घुमत राहतो. त्यात ‘यामे’ हा शब्दच मऊ. य आणि म, एकही कडक अक्षर नाही. ढोलाखाली दबून गेला. हे मान्य आहे.

म्हणून स्पीकर आता कोपऱ्यातून काढून माझ्या मागे चार फूट उंच स्टुलावर ठेवला, बास कमी केला. फिटनेसमध्ये यामेसोबत दोन छोट्या शिट्ट्या, शिट्टी टिनात कापत जाते. मागच्या रांगेतल्या पोराचं नाव साध्या आवाजात घेतलं आणि त्याने मान वळवली नाही तर आवाज आणखी कमी करायचा, हे मोठ्या पोरांनाही सांगून ठेवलं. मागच्या टिनाला जिनिंगमधून आणलेला बारदाना टांगतोय, घुमणं कमी होईल. मॅटला खालून टेप लावली आहे. नवीन मॅटचंही पाहतो.

एक विनंती मात्र करावीच लागते. बॅच 5:30 ची आहे. घोटे, गुडघे, कंबर गोल फिरवून मोकळं करणं 5:33 ते 5:38 मध्ये होतं. 5:40 ला आलेलं पोर ते चुकवून थेट उड्यांत शिरतं. त्या दिवशीही तसंच झालं होतं. त्यामुळेच पाय मुरगळला असं मी म्हणणार नाही, फट आमचीच होती, पण मोकळा झालेला घोटा सावरायला जास्त वाव देतो. आणि 6:42 ला सगळे डोळे मिटून बसलेले असताना गेटवर हॉर्न वाजवू नका भाऊ. गाण्यांचा त्रास होतो असं लिहिणाऱ्या माणसाच्या गाडीचा हॉर्न आमच्या शांततेच्या 3 मिनिटांत वाजतो, याचं वाईट वाटतं.

400 रुपयांचं म्हणाल तर महिन्याला 12 दिवस, एका दिवसाचे तेहतीस रुपये. त्यात शेडचं भाडं, लाइट बिल, पॅड. कापूस निघाला की देतो म्हणणाऱ्या एकाही घराला आजवर दुसऱ्यांदा विचारलं नाही. तुम्हालाही नाही. हे ऐकवण्यासाठी सांगत नाही. पैसे उकळतो असा अर्थ निघाला म्हणून बोलावं लागलं.

मुलीच्या पायावर सूज आणि ठणका आहे तोवर चोळू नका, गरम शेक देऊ नका. फडक्यात बर्फ गुंडाळून 15 मिनिटं, दिवसातून तीन-चारदा, आणि झोपताना पायाखाली उशी. चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबलं की कळ येत असेल तर एक्स-रे काढाच, त्याचा खर्च आमच्याकडे. त्या पायावर एकटीने दहा वेळा लंगडी घालून दुखलं नाही तरच उड्या. तोपर्यंत तिने बसून हातांचं किहोन करावं, काता पाहावा. या महिन्याची फी पुढच्या महिन्यात धरतो.

मंगळवारी 5:50 ला या. दाराजवळ बाकडं ठेवलं आहे, 6:30 पर्यंत बसा. रिव्ह्यू बदला असं म्हणत नाही, तो तुमचा आहे. फक्त त्या 40 मिनिटांत काय ऐकू आलं, तेही खाली लिहा.