खुलासा : एक पक्ष फुटला म्हणून लगेच निवडणूक लागत नाही

‘आघाडीतल्या एका पक्षाने साथ सोडली की सरकार आपोआप पडतं आणि मुदतपूर्व निवडणूक लागते,’ असा मेसेज जर्मनीचा दाखला देऊन फिरतोय. तो अर्धवट आहे.

६ नोव्हेंबर २०२४ ला जर्मनीचे चॅन्सेलर (सरकारप्रमुख) शोल्झ यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना काढलं. भांडण अंदाजपत्रकाचं, आणखी कर्ज काढायचं की नाही याचं. लिंडनर यांचा एफडीपी हा पक्ष आघाडीतून बाहेर पडला, तरी अल्पमतातलं सरकार चालूच होतं. १६ डिसेंबरला शोल्झ यांनी स्वतःच विश्वासदर्शक ठराव मांडला, तोही हरण्यासाठी! बाजूने २०७, विरोधात ३९४, तटस्थ ११६. ठराव हरल्यामुळे मुदतपूर्व निवडणुकीचा मार्ग मोकळा झाला. मग राष्ट्राध्यक्षांनी संसद विसर्जित केली आणि २३ फेब्रुवारी २०२५ ला मतदान झालं.

याच एफडीपीने १९८२ मध्ये बाजू बदलली, तेव्हा त्याच संसदेने हेल्मुट कोल यांना चॅन्सेलर केलं.

आपल्याकडे मार्च १९९७ च्या अखेरीस काँग्रेसने देवेगौडा सरकारचा पाठिंबा काढला. एप्रिलमध्ये देवेगौडा गेले, गुजराल आले, निवडणूक नाही. नोव्हेंबरात काँग्रेसने पुन्हा तेच केलं. या खेपेला मात्र बहुमताची जुळवाजुळव कुणालाच जमली नाही आणि डिसेंबरात लोकसभा विसर्जित झाली.